बबडीचा नंबर

आत्या मण्यांचं भरतकाम करायची. खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर रिंगेत ताणलेलं कापड आणि वाट्यांमधून मोहरीहून बारीक मणी. लग्नाच्या पोशाखांची कामं मोठ्या दुकानांतून तिच्याकडे यायची. थोरल्या भावाची पहिली बायको गेली तेव्हा त्यांची बबडी जेमतेम चालायला लागली होती. आत्याने तिला पदरात घेतलं आणि पोर जरा कळती झाल्यावर तिच्या हातात सुई दिली. शाळा सुटली की बबडी थेट टेबलाशी. नाक कापडाला टेकवून दोघी तासन्‌तास बसायच्या. आत्याला दुसरं सुख ठाऊक नव्हतं.

मग दादाने दुसरं लग्न केलं.

नवी वहिनी रोपवाटिकेत कामाला होती. वयाने आत्याहून लहान, तरी नात्याने मोठी, म्हणून वहिनी म्हणावं लागायचं. हेही आत्याच्या घशाखाली उतरत नसे. तिच्या नखांत कायम माती आणि हसणं असं की भांडी वाजावीत. नावं ठेवायला एक गोष्ट सापडेना, आणि त्यामुळेच आत्याचा जास्त तिळपापड व्हायचा. समाधान एवढंच की बबडी तिला अजून काकूच म्हणायची.

पोरीला लांबचं नीट दिसत नाही, हे आधी वहिनीच्याच लक्षात आलं.

"ताई, मी समोरून आले तरी ती ओळखत नाही. पार जवळ गेल्यावर हसते."

"काहींची ओळख पटायला वेळच लागतो," आत्या म्हणाली.

तरी तिघी दवाखान्यात गेल्या. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला.

"घरात कुणाला लहानपणापासून चष्मा होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिच्या आईला होता," आत्या घाईघाईने म्हणाली.

"मग तेही कारण असेल. पण शाळेत पुस्तकं, घरी आलं की पुन्हा नाकाशी धरून बारीक काम. वाढत्या वयात डोळ्यांना हे नडू शकतं. बंद करा म्हणत नाही मी. काम लांब धरू दे, मधेमधे उठून खिडकीबाहेर बघू दे. आणि रोज दोनेक तास बाहेर, उजेडात खेळू दे. चष्मा मात्र कायम लावायचा."

"शाळा सुटली की मी नेईन ना तिला रोपवाटिकेत!" वहिनी म्हणाली.

आत्याला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी जणू पोर उचलून वहिनीच्या ओटीत टाकली होती.

त्या दिवसापासून आत्या टेबलाशी एकटी. संध्याकाळी दोघी मातीने माखून यायच्या आणि आत्याला न कळणाऱ्या कशावर तरी खिदळायच्या. एकदा जिन्यातून आवाज आला, "आई, थांब ना!" आत्याने हातातला दोरा दातांनी तोडला, नको तिथेच.

पुढे रोपवाटिकेत कामाची गर्दी झाली. आत्याने लगेच संधी साधली. "तुम्ही कशाला धावपळ करता वहिनी, मी नेत जाईन तिला मैदानावर."

नेलं कुठे! मैदानाऐवजी टेबल. "काढ गं तो चष्मा. लावून लावूनच नंबर वाढतो," ती बबडीला सांगायची. "मी जन्मभर सुई चालवली, मला कुठे लागला?" बबडी चष्मा काढून पुन्हा कापडावर वाकायची. ते दिवस आत्याला फार गोड गेले.

पुढच्या तपासणीत नंबर चांगलाच वाढलेला निघाला. दादा घरी येऊन वहिनीवरच उखडला.

"तूच मोबाईल देत असशील तिला! रोज बाहेर खेळते म्हणतेस, मग हे कसं?"

"रोज जाते की. ताई नेतात," वहिनी म्हणाली. "बबडे, सांग बाबांना."

बबडीने मान खाली घातली. आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्याला वाचवायला एवढीशी पोर तोंड शिवून बसली आहे, हे आत्याला कळलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"वहिनींना बोलू नकोस दादा. मी नेलंच नाही तिला. टेबलाशी बसवलं. चष्माही मीच काढायला लावला."

"का पण?"

"माझ्यापाशी बसावी म्हणून."

 मग वहिनी म्हणाली, "ताई, डोळे तिचे आहेत. माझा राग होता, तर माझ्यावर काढायचा."



नंतर बबडीचा चष्मा नाकावरून हलला नाही. नंबर पुढेही थोडा चढला, पण रांगत. सुई तिने सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी आत्याजवळ बसायची, तीही ताठ, आणि आत्याच तिला मधेमधे उठवून गॅलरीत पिटाळायची.

एका संध्याकाळी आत्या आपणहून रोपवाटिकेत गेली. फाटकातूनच दिसलं: दोघी पाण्याच्या नळीसाठी ओढाओढ करत होत्या, चिंब भिजल्या होत्या. आत्याला ते पहिल्यासारखंच सललं. परत फिरावंसं वाटलं. पण बबडीने तिला लांबूनच ओळखलं आणि हात हलवला.

"आलाच आहात तर त्या रांगेला पाणी घाला," वहिनी म्हणाली, अजून जरा तुटकच.

आत्याने झारी उचलली. ती रोपांना पाणी घालत राहिली. कान मात्र सगळा वेळ त्या दोघींच्या बोलण्याकडे होते.