आधी ‘नाई’ म्हणा, सांगणारे लटारीभाऊ

लटारीभाऊंची माझी ओळख झाली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि भाऊ काठावरून माझ्यावर ओरडत होते.

भामरागडचा बाजार होता. मी सुतार माणूस, पोळपाट-पाट विकून, करवत खांद्यावर टाकून बायकोसोबत नदीपलीकडे गावी निघालो होतो. इथे कडक ऊन, पण वरच्या अंगाला पाऊस कोसळलेला. पाणी चढणार होतं. अहेरीत सायकली दुरुस्त करणारे लटारीभाऊ मोटारीच्या बॅटरीवर चालणारा भोंगा आणि माईक घेऊन आले होते. एका सरकारी बाबूंनी माईकवर सांगितलं, “लोकहो, आता नदीत उतरायचं नाही!” पण शेवटच्या शब्दाला त्यांची मान नदीकडे वळली. भोंग्यातून निघालं, “लोकहो, आता नदीत उतरायचं!” सरकारचाच हुकूम! आम्ही लेकराबाळांसह उतरलो.

भाऊंनी माईक हिसकावला. “नाई! नाई! नाई उतराचं! अबे करवतवाल्या, बाईले घेऊन मांगं फीर!”

आम्ही काठ गाठला आणि जिथे उभे होतो तिथून गढूळ लोंढा गेला.

मी तापलो होतो. “भाऊ, तुमच्या भोंग्यानं आम्हाले बुडवलं असतं!” बाबूंच्या माथी मारणं सोपं होतं. भाऊ म्हणाले, “मान त्यायची वळली, पण माईक माहा होता. चूक माही.”

अशा माणसाला कोण सोडतो? तेव्हापासून मी त्यांच्याच सोबत आहे.

भाऊंचे नियम तेव्हापासून पक्के झाले. बोलणाऱ्याने मान वळवायची नाही. ‘नाही’ म्हणायचं असेल तर ते आधी म्हणायचं. आणि सभा सुरू होण्याआधी भाऊ सर्वांत मागे बसलेल्या माणसाला विचारून येतात, “काय आयकलं, सांग.” मुलचेऱ्याच्या एका सभेत अध्यक्ष चिडले, “मला बोलायला शिकवता?” भाऊ शांतपणे म्हणाले, “बोलनं तुमचं साहेब, पोचवनं माहं.”

मायाही तशीच. तेंदूपानं तोडायला गेलेल्या एक आजीबाई जंगलात चुकल्या, तेव्हा हाती घेतलेलं लग्नात भोंगा लावायचं काम सोडून भाऊंनी जंगलाच्या कडेला भोंगा बांधला आणि दुपारभर त्यांच्या नावाने हाका मारल्या. आजीबाई झाडीतून बाहेर आल्या त्या फणकाऱ्यातच. “काऊन बोंबलून राह्यला बापा? मी का बहिरी हाओ?” भाऊ खाली बसले आणि पोट धरून हसले. डोळे मात्र पुसत होते.

आता भाऊंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. यंदाही पावसाच्या तोंडावर ते भामरागडला निघाले आहेत. “भाऊ, वय झालं,” असं आम्ही सोबत्यांनी म्हणून पाहिलं. उत्तर आलं, “नदी का वय पाहून येते?” म्हणून ठरलं आहे की बॅटरी आम्ही चौघे उचलू, भोंगा झाडावर मी चढवीन. भाऊंनी फक्त माईक धरावा. त्यांचे गुडघे धड राहोत, छाती भक्कम राहो, आणि शंभरी ओलांडेपर्यंत त्यांनी आम्हाला असंच काठावरून दरडावत राहावं.