सिनॅमनचा तिसरा ठोका

डेल्मर होलेचेक मिल्बीच्या शाळेत सुतारकाम शिकवतात. कमरेला मोजायची टेप असते. ती ते चर्चमध्येही काढत नाहीत. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं आक्रमण, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना कोणी काय करायचं ते सगळं, एकवीस वर्षं त्यांच्याकडे आहे. त्यांच्या हिरव्या वहीत ते लिहिलेलं आहे.

मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवतो. साहित्याची पदवी घेऊन गावी परतलो तेव्हा वाटलं होतं, नेमकेपणाचं वेड मलाच आहे. मग डेल्मरशी मैत्री झाली.

आमच्याकडे आठ जणांचा फुटबॉल. अकरा जणांसाठी मुलं पुरत नाहीत. पुढच्या रांगेत दोन मुलांच्या पायांमध्ये चोवीस इंच अंतर हवं. त्यासाठी डेल्मरनी लाकडी पट्ट्या कापल्या. कडा घासल्या. पॉलिशही केलं.

"तेवीस इंच असलं तर?" मी विचारलं.

खुर्चीला तीन पाय चालतील का, असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चेंडू फेकणारा ब्रॉडी. झेलणारा कीटन. कीटन चार पावलं पळतो आणि वळतो. तो वळायच्या आतच ब्रॉडीने चेंडू सोडलेला असतो.

"आणि तो वळलाच नाही तर?"

"नाकावर बसेल," डेल्मर म्हणाले. "एकदा बसला. तेव्हापासून वळतो."

या ऑक्टोबरात शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, लिंडावर आडनावाचे, सुतारशाळेत आले. रंध्याशी खेळत म्हणाले, "डेल्मर, शेजारच्या हॅस्केल गावाकडून सहा वर्षं हरतोय आपण. या शुक्रवारीही हरलो, तर आक्रमण त्या नव्या व्यायामशिक्षकाकडे देऊ. त्याच्याकडे लॅपटॉप आहे."

डेल्मरनी त्यांच्या हातातला रंधा काढून घेतला. ते गेल्यावर मला म्हणाले, "कवी, मला एक शब्द दे."

मी कविता करत नाही. पण शाळेत पुस्तकं वाचणारा दुसरा कोणी नाही, म्हणून मी कवी.

अडचण अशी होती. चेंडू हलायच्या आत आक्रमण करणारा कोणी पुढे सरकला तर पंच पिवळा रुमाल टाकतात आणि संघ पाच यार्ड मागे जातो. म्हणून ब्रॉडी ओरडतो आणि ठरलेल्या ठोक्याला आठही जण एकदम निघतात. आमची जुनी आरोळी हॅस्केलला पाठ होती.

"तीन ठोक्यांचा शब्द हवा," डेल्मर म्हणाले. "तिसरा टणक."

"मेलँकली?"

"मे-लँ-क-ली. चार झाले. आणि शेवट लोण्यासारखा. तुला पदवी दिली कोणी?"

दोन दिवस मी शब्द नेत होतो आणि ते नाकारत होते. बुधवारी जेवणाच्या रांगेत माझ्या तोंडून निघालं, "सिनॅमन." म्हणजे दालचिनी.

डेल्मरनी टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं. सि. नॅ. मन. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या कुठल्याही निबंधाने कोणाचे भरले नव्हते.

शब्द गुप्त राहिला. मुलं तो जेवणाची ताटं हातात धरून शिकली, जिन्यात शिकली. गुरुवारी जिमच्या दारात मी हळूच "सिनॅमन" म्हटलं, तर आठ जण झेपावले आणि कचऱ्याचा डबा आडवा झाला.

आमच्या मैदानाला दिवे नाहीत. सामना दुपारी चारला सुरू झाला. डेल्मरची बायको आर्डिस नेहमीप्रमाणे शाळेच्या बँडसाठी पैसे जमवायला खाण्याचा ठेला चालवत होती. माइकही तिच्याकडेच. आमची मुलं पहिल्यांदा ओळीत वाकली, श्वास रोखून.

कर्ण्यातून आवाज आला, "मंडळी, गरम चिली आणि सिनॅमन रोल तयार आहेत!"

सात जण झेपावले. आठवा चेंडूवर हात ठेवायच्या बेतात होता, तो तेवढा राहिला. पिवळा रुमाल. पाच यार्ड मागे.

आमच्याकडे चिलीबरोबर, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्शाबरोबर, सिनॅमन रोल हा दालचिनीचा गोड पावच खातात. दुसरं काही खाता येतं हे मला कॉलेजात कळलं. तरी आम्हा दोघांच्या डोक्यात ते आलं नव्हतं.

दहा मिनिटांनी पुन्हा. "सिनॅमन रोल, अजून भरपूर आहेत!" पुन्हा रुमाल.

डेल्मरनी मला ठेल्याकडे पिटाळलं. मी धापा टाकत आर्डिसला सगळं सांगितलं.

"मला का नाही सांगितलं?"

"गुप्त होतं."

"सव्वीस वर्षं मी त्याच्या घोरण्याबद्दल कोणाला बोलले नाही. आणि माझ्यापासून गुप्त?" तिने माइक हातात घट्ट धरला. "मग मी काय म्हणू? गोल गोल काहीतरी गरम आहे, या?"

"काहीच म्हणू नका ना."

"ऐंशी रोल उरलेत, पोरा. तू खाणार?"

मी सहा विकत घेतले, तेव्हा ती गप्प बसली. पण तोवर तिसऱ्या ठोक्याला मिल्बी निघतं, हे हॅस्केलच्या पोरांनाही कळलं होतं. ती बरोबर आमच्यासोबत निघू लागली.

शेवटचे तीन सेकंद. आम्ही चार गुणांनी मागे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं; आमचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि दोन यार्ड कमी. कुंपणापाशी लिंडावर उभे होते. शेजारी व्यायामशिक्षक. लॅपटॉप उघडा.

डेल्मरनी खेळ थांबवून मुलांना गोळा केलं. "ब्रॉडी सिनॅमन म्हणेल. तुम्ही हलायचं नाही."

"कोच, आम्ही आपोआप हलतो," एक जाडा मुलगा रडवेला होऊन म्हणाला.

"पायात पट्टी आहे असं समज. हललास तर ओरखडा पडेल. पॉलिश मी केलंय."

ती धमकी मुलांना कळली. ती ओळीत वाकली. ब्रॉडी ओरडला, "सि-नॅ-मन!"

हॅस्केलचा अख्खा बचाव रेषा ओलांडून आमच्या मुलांवर कोसळला. आमच्यापैकी कोणी पापणीही हलवली नाही. जाड्या मुलाच्या गालावरून मात्र घाम ओघळला. पिवळा रुमाल पडला, या वेळी त्यांच्यावर. आम्ही पाच यार्ड पुढे. नवे चार प्रयत्न. घड्याळात तीन सेकंद तसेच.

एकच पुरला. कीटन चार पावलं पळाला, गोलरेषेपलीकडे वळला, आणि चेंडू त्याच्या छातीशी येऊन ठेपला होता. सहा गुण. घड्याळ शून्यावर.

गाव मैदानात उतरलं. मुलं एकमेकांवर ढीग करून पडली. लिंडावर डेल्मरजवळ आले. "वही तुमच्याकडेच राहू द्या."

डेल्मरचं लक्ष नव्हतं. ते गवतावर गुडघे टेकून टेप लावत होते. "चौथं पाऊल दोन इंच लांब पडलंय," मला म्हणाले. "नशिबाने वाचलो."

तेवढ्यात कर्णा खरखरला. आर्डिसला आता कोणी अडवणार नव्हतं. "मंडळी, सिनॅमन..."

रोल संपले की उरले, ते कोणी ऐकलंच नाही. नाचत असलेली, कोणाच्या खांद्यावर बसलेली, आईच्या मिठीत असलेली आमची आठही मुलं एकाच क्षणी पुढे झेपावली. दोन आया आणि बँडचा मोठा ढोल आडवा झाला.

डेल्मरनी टेप मिटली. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आत्ता दिसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"पाहिलंस, कवी?" ते हळूच म्हणाले. "सगळे एकत्र निघाले."