मिस्त्रींची दुसरी तार

देवगाव रंगारीत कुणाच्या ट्रॅक्टरचा दिवा विझला की पहिलं नाव निघतं ते मोहियोद्दीन मिस्त्रींचं. बासष्टीचा माणूस, मेंदीनं लाल केलेली दाढी, खिशाला टेस्टर आणि जिभेवर कायम नकार. "आज नाय व्हणार, उद्या आण," असं म्हणता म्हणता ते स्क्रू सोडायलाही लागलेले असतात. गिऱ्हाईक मग गुपचूप बाकड्यावर बसून चहा मागवतं.

गाडीच्या वायरिंगचं त्यांचं शास्त्र अगदी आटोपशीर. बॅटरीच्या प्लसवरून दिव्यापर्यंत एक तार न्यायची, बस्स. मायनसला वेगळी तार कशाला, गाडीचा लोखंडी सांगाडा आहे की! मायनस त्यालाच बांधायचा, वीज आपली सांगाड्यातून परत येते. गॅरेजात याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. हे सगळेच करतात, पण मिस्त्रींची त्यावर श्रद्धा होती. ज्याला दोन तारा लागतात तो मिस्त्री नव्हं, शिंपी, असं ते नव्या पोरांना ऐकवायचे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मिस्त्री पुरते कळायचे नाहीत. 'चूक' हा शब्द त्यांच्या दुकानाची पायरी कधी चढला नाही. दिवा लागला नाही तर बल्ब दोन नंबरचा, हॉर्न वाजला नाही तर वायर उंदरांनी खाल्ली, आणि काहीच सापडलं नाही तर मालकालाच गाडी वापरायची अक्कल नाही. त्यांची बायको राहतबी म्हणायची, निकाहाला पस्तीस वर्षं झाली, यांच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकलं की मी शेजाऱ्यांना साखर वाटीन. साखर डब्यातच राहिली.

माघातल्या एका गुरुवारी सकाळी कडुबा त्यांच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. कडुबा भोई, धरणावर मासे धरणारा, मिस्त्रींच्याच वयाचा. त्याचा धाकटा भाऊ फकिरा सोमवारी दुपारी थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं लावायला गेला होता. वारं उठलं, तराफा उलटा होऊन काठाला लागला, फकिरा काही आला नाही. शहरातून आलेल्या पथकानं दोन दिवस गळ टाकून पाणी ढवळलं, हाती काही लागलं नाही, आणि दुसरीकडून बोलावणं आलं तसं ते निघून गेलं.

"मिस्त्री, माझा भाऊ पाण्यात हाय," कडुबा म्हणाला. "सोसायटीच्या कपाटात ती मासे दावायची मशीन पडलीया. तेवढी जोडून द्या."

मिस्त्री 'उद्या' म्हणाले नाहीत. पेटी उचलली, स्कूटीला टांगली आणि निघाले.

मच्छीमार सोसायटीनं हौसेनं आणलेला तो फिश फायंडर वर्षभर खोक्यातून बाहेर निघाला नव्हता. तारा उलट्या लागल्या तर जळेल, या भीतीनं कुणी हातच लावला नव्हता. छोट्या टीव्हीसारखा पडदा, आणि लांब वायरीच्या टोकाला मुठीएवढा काळा गोटा. गोटा पाण्यात सोडला की तो तळापर्यंत आवाज धाडतो, आणि तो आवाज कशाला आपटून परत आला त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. मासा असेल तर कमान दिसते, बुडालेलं झाड असेल तर खुंट दिसतो. माणूस असेल तर काय दिसतं, हे खोक्यातल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

काठावर पन्नासेक माणसं जमली होती. त्यांच्यापासून लांब, बाभळीखाली, फकिराची बायको लीलाबाई बसलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात भरगच्च हिरव्या बांगड्या. ती रडत नव्हती. तिचं म्हणणं एकच होतं, की सोमवारी दुपारी आमचं भांडण झालं, आणि भांडण झालं की हा माणूस रुसून फर्दापूरला बहिणीकडं जाऊन बसतो. मागंही चार दिवस न सांगता बसला होता. पट्टीचा पोहणारा, पलीकडच्या काठाला निघून तसाच गेला असेल. बहिणीला फोन झाला होता, तो इथं आलाच नाही, असं ती रडत रडत म्हणाली होती. त्यावर लीलाबाई म्हणाली, ती त्याच्या सांगण्यावरून खोटं बोलते. म्हाताऱ्या बायका तिच्या कपाळाकडं बघत आणि नजर वळवत. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुंकवाला हात लावू देणार नाही, हे तिनं तिन्ही दिवस सगळ्यांना बजावलं होतं.

कडुबाची होडी पत्र्याची, मागं छोटं इंजिन, इंजिनाला सेल्फ-स्टार्ट आणि त्यासाठी एक बॅटरी. मिस्त्रींनी पाव तासात काम उरकलं. लाल तार फ्यूजमधून प्लसला, काळी तार होडीच्या पत्र्याला, वर एक नट आवळला. बटण दाबताच पडदा उजळला. काठावरच्या माणसांनी सुस्कारा टाकला. कडुबानं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि, यातलं वाचायला मला येत नाही, तुम्हीच चला, म्हणाला. मिस्त्रींना पोहता येत नव्हतं. दोन रिकामे कॅन कमरेला बांधून ते होडीत बसले.

कडुबानं इंजिन सुरू केलं आणि पडदा विझला. थोड्या वेळानं आपोआप उजळला, पण त्यावर नुसत्या रेघा, वरपासून खालपर्यंत. इंजिन बंद केलं की चित्र स्वच्छ, पण मग होडी वाहवत भलतीकडंच जायची. मिस्त्री म्हणाले बॅटरी उतरलीय. काठाला येऊन ट्रॅक्टरची बॅटरी चढवली. पुन्हा रेघा. मिस्त्री म्हणाले इंजिनाचा प्लग खराब आहे. प्लग बदलला. पुन्हा रेघा. मग ते म्हणाले मशीनच बनावट, सोसायटीला कुणीतरी टोपी घातली. कडुबा बिचारा प्रत्येक वेळी मान हलवून होडी वळवत होता, कारण ज्याच्या हाताला वीस गावं मानतात तो माणूस सांगत होता.

खरं काय ते मिस्त्रींना पहिल्या खेपेनंतरच कळलं होतं. काळ्या तारेचा नट चाचपताना बोट पत्र्यांच्या जोडावर गेलं आणि डांबर लागलं. ट्रॅक्टरचा सांगाडा एकजीव असतो. ही होडी पाच पत्रे रिबिटांनी जोडलेली, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी कडुबा प्रत्येक सांध्यात डांबर भरायचा. इथं वीज परत येणार ती धडपडत, त्याच वाटेनं इंजिनाचीही येणार, आणि दोघींची झोंबाझोंबी पडद्यावर दिसणार. मशीनला स्वतःची वेगळी बॅटरी आणि सरळ दोन तारा हव्या होत्या. शिंप्याचं काम. पन्नास माणसांसमोर तो नट सोडून दुसरी तार ओढायची म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते बॅटरीला, प्लगला, सोसायटीला दोष देत राहिले. वाईट वाटतं सांगायला, पण असंच झालं, आणि यात दोन तास गेले.

सूर्य डोक्यावर आला. माघात दुपार कलली की धरणावर पश्चिमेचं वारं उठतं, ते दिवस मावळेपर्यंत पडत नाही. मग लहान होडी पाण्यात घालता येत नाही, आणि फकिराही गेला होता तो याच वाऱ्यानं. पाण्यावर पहिल्या सुरकुत्या दिसल्या तसा कडुबा हळूच म्हणाला, "मिस्त्री, आज नाय घावला तर उद्या मासे खातील त्याला."

मिस्त्रींनी मान खाली घातली. होडी काठाला घ्यायला सांगितली. कुणाकडं न बघता ते स्कूटीजवळ गेले, सीट उचललं आणि तिची छोटी बॅटरी काढली. होडीच्या पुढच्या टोकाला, इंजिनापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, ती लाकडी फळीवर बांधली. पेटीत शेवटचा एक फ्यूज होता. प्लस कुठला, मायनस कुठला, हे चाळीस वर्षांत त्यांनी कधी दोनदा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तीनदा पाहिलं, कारण मशीन एकच होतं. लाल तार लावली. मग पत्र्यावरचा नट सोडला आणि काळी तार सगळ्यांदेखत बॅटरीपर्यंत नेली. गर्दीत कुणीतरी खाकरलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

या वेळी इंजिन सुरू झालं आणि पडदा हलला नाही. तळाची रेघ सरळ सरकायला लागली. बुडालेल्या बाभळींचे खुंट एकामागून एक येऊन जात होते. वारं वाढत होतं, लाट होडीच्या कडेवर आपटून पाणी आत उडत होतं. मिस्त्री पडद्यावर छत्रीसारखी हाताची ओंजळ धरून बसले. कडुबा जाळी लागायच्या जागा दाखवत होडी फिरवत होता. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मग एका खुंटाच्या बुडाशी एक आडवी, लांब सावली आली. खुंट नव्हता. मासाही नव्हता. साडेपाच फुटांचं काहीतरी, निवांत पडलेलं.

कडुबाला पडदा वाचता येत नव्हता, तो मिस्त्रींचं तोंड वाचत होता. मिस्त्रींनी काठाकडं पाहिलं. बाभळीखाली लीलाबाईचं हिरवं लुगडं दिसत होतं. गप्प बसलो तर कुणालाच कळणार नाही, तिचं कुंकू तसंच राहील, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते स्वतःलाच भ्याले.

"थांब," ते म्हणाले. "हितंच."

कडुबानं गळ सोडला. दुसऱ्या खेपेला दोर जड झाला. जाळं खुंटात अडकलं होतं आणि फकिरा जाळ्यात. कडुबानं कोयत्यानं दोऱ्या कापल्या, भावाला होडीच्या कडेनं धरलं आणि मग तो लहान लेकरासारखा रडला. इंजिन हाती घेऊन होडी मिस्त्रींनीच काठापर्यंत आणली, कशी ते त्यांना आजही सांगता येत नाही.

काठावर सगळे होडीकडं धावले. लीलाबाई जागची उठली, चार पावलं आली आणि थांबली. दुरूनच तिनं सदरा ओळखला होता. मिस्त्री ओल्या कपड्यांनी, कमरेला कॅन तसेच, तिच्यापाशी गेले. 

"लीलाबाई, माझं चुकलं. तार मी चुकीची जोडली व्हती. कळलं तरी बोललो नाय. दोन तास माझ्यामुळं गेले."

ती रागावेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं रागवावं असंही वाटलं होतं. लीलाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, जणू ते काय म्हणाले याचा हिशेब लावत होती.

"तेवढे दोन तास तो जित्ता व्हता, भाऊ," ती म्हणाली.

मग तिनंच कपाळाकडं हात नेला. मागून बायका आल्या, तसे मिस्त्री बाजूला झाले.