रत्नासाठी एक शब्द

मंचरच्या बाजारात कांदा निवडायला येणाऱ्या बायकांची लेकरं यास्मिनच्या पाळणाघरात वाढली. एकोणीस वर्षं तिनं हे चालवलं होतं. यंदा मार्चमध्ये मात्र मदत करणाऱ्या कंपनीनं हात आखडता घेतला. दुपारची खिचडी बंद झाली, दोघी मदतनीस बिनपगारी येऊ लागल्या. कुणी विचारलंच तर यास्मिन म्हणायची, "भागतंय आमचं."

मे महिन्यात तिला पुण्याहून फोन आला. हर्षाली नावाची मुलगी बोलत होती. छोट्या संस्थांवर अचानक संकट आलं की तातडीनं थोडी मदत देणाऱ्या एका निधीत ती कामाला होती.

"शिनोलीच्या रत्नाताईंचा अर्ज आलाय. वादळात अभ्यासिकेचे पत्रे उडालेत. त्यांना ओळखणारं माणूस म्हणून तुमचं नाव दिलंय. काम खरं आहे ना त्यांचं?"

हीच रत्ना सात वर्षांपूर्वी पाळणाघरात फरशी पुसायला आली होती. पोरांना गोष्ट कशी सांगायची, साहेब लोकांशी कसं बोलायचं, सगळं यास्मिननं शिकवलं. मग ती गावी परतली आणि डोंगरातल्या मुलींसाठी राहायची सोय असलेली अभ्यासिका काढून बसली. पेपरात फोटो आला तो तिचा. तालुक्याला शाल मिळाली ती तिला. आणि असा निधी असतो, हेही तिलाच ठाऊक!

"उद्या सांगते," म्हणून यास्मिननं फोन ठेवला.

तिचा नवरा अकबर घराच्या ओट्यावर वजनकाटा दुरुस्त करत होता. तिनं रत्नाच्या अर्जाचं सांगितलं, तशी त्यानं मान वर केली. "जलती क्या तू उससे?"

"मी कशाला जळू? डोळ्यांनी बघितल्याबिगर कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती शिनोलीला गेली. काहीतरी खोट सापडावी, असं तिला मनातून वाटत होतं. पण छप्पर खरंच गेलं होतं. अंगणात भिजलेली पुस्तकं वाळत पडली होती आणि ताडपत्रीखाली आठ मुली बसल्या होत्या.

"आठच?" यास्मिननं लगेच विचारलं.

"बाकीच्या घरी पाठवल्या, भाभी. लांब आहुप्याकडच्या पोरी, रोज येणार कशा? आन् इथं झोपायला जागा ऱ्हायली न्हाई," रत्ना म्हणाली. पत्रे गोळा करताना तिचे दोन्ही तळवे कापले होते.

मग ती मुलींना गोष्ट सांगू लागली. तेच हातवारे, मधेच तसंच थांबणं. सगळं यास्मिनचंच, पण मुली अशा खिदळत होत्या, की यास्मिनच्या गोष्टीला कधी कुणी तसं हसलं नव्हतं. पत्र्यानं कापावं तसं तिला ते लागलं.

निघताना तिच्यानं राहवलं नाही. "या निधीचं मला का नाय सांगितलंस?"

रत्ना गोंधळली. "दोनदा विचारलं की, काही अडचण हाय का म्हणून. तुमी म्हणाला, भागतंय. मला वाटलं, तुमाला लई लोक देणारे असत्याल."

स्टँडवर एसटीची वाट बघताना यास्मिननं हर्षालीला फोन लावला. "काम खरं आहे," ती म्हणाली. पुढचं जड गेलं, तरी बोललीच. "माझ्यापेक्षा बरं शिकवते ती." मग आवाज खाली करून, "आमच्यासारख्यांनाही देता का हो?"

रत्नाचे पैसे आठ दिवसांत आले, जूनच्या आत पत्रे चढले. यास्मिननं आयुष्यात पहिल्यांदा अर्ज भरला, तोही रत्नाला फोनवर विचारून. त्या दिवशी ती घरात कुणाशी धड बोलली नाही. तिचे पैसे बाराव्या दिवशी आले. नवा देणगीदार मिळेपर्यंत तीन महिने निघतील एवढेच होते; पण मदतनिसांचा पगार झाला, चूल पेटली.

"मिळाले ना?" हर्षालीनं फोनवर विचारलं.

"मिळाले. लई उपकार झाले," यास्मिन म्हणाली. रत्नापेक्षा चार दिवस जास्त का लागले, हे अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि अकबरला डाळ-तांदूळ आणायला पिटाळलं.