मास्कच्या आतलं बोलणं

पायल आमच्या संस्थेत मुलाखतीला आली तेव्हा आम्ही पाचही जण मास्क लावून बसलो होतो. करोनाची दुसरी लाट ओसरली होती, पण धास्ती गेली नव्हती. ती दारातच थांबली, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि गरजेपेक्षा जरा मोठ्या आवाजात म्हणाली, "मले ऐकू येत नाई. तोंडं उघडी केली तर समजते. नाईतर लिहून द्या."

आमचे संचालक उठले, खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले आणि त्यांनी मास्क खाली केला. मग एकेक करत आम्ही सगळेच दूर दूर सरकून बसलो आणि मास्क उतरवले. हा अभ्यासक्रम कशासाठी करायचा आहे, असं त्यांनी सावकाश विचारलं. पायल त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"मी टीबीची पेशंट होती," ती म्हणाली. "त्या वार्डात पेशंटपाशी कोनी बसत नाई. मले बसायचं आहे."

चंद्रपूरच्या बाहेर, ऊर्जानगरच्या रस्त्याला लागलं की आमची संस्था आहे. सार्वजनिक आरोग्याचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आम्ही चालवतो. इथून शिकून गेलेली मुलं आरोग्य केंद्रांत, सरकारी आरोग्य कार्यक्रमांत कामाला लागतात. त्याच वर्षी संस्थेनं ठरवलं होतं की ज्यांच्यापर्यंत दवाखाना पोचत नाही, त्यांच्याच घरची मुलं आपल्या वर्गात आली पाहिजेत. त्यासाठी एक समावेशन समिती नेमली आणि तिचं सचिवपद माझ्याकडे दिलं. मी मूळची वरोऱ्याची, सामाजिक वर्तनाचा विषय शिकवते. पायलची निवड एकमतानं झाली. त्या दिवशी मी फार आनंदात घरी गेले, हे मला अजून आठवतं.

पायल गोंडपिपरी तालुक्यातली, वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या घरातली. वडील मनसाराम नदीत आणि गावच्या तलावात जाळं टाकायचे, आई गोकुळाबाई बाजारात मासळी घेऊन बसायची. शाळेत असतानाच पायलला क्षयरोग झाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो गेला नाही. पुन्हा तपासलं तर साध्या औषधांना दाद न देणारा निघाला. तेव्हा अशा रोगाला रोज सुई द्यायचे, महिनोन् महिने. गोकुळाबाई तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून उपकेंद्रात न्यायची. सुई टोचून टोचून बसायची सोय राहिली नाही, तेव्हा पोरगी कॅरिअरवर एका कुशीवर टेकून यायची.

मग तिच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. दिवसाढवळ्या, जेवताना, झोपताना. नर्सबाईंनी ते वर कळवलं. कान तपासायचं मशीन जिल्ह्याला होतं, तिथली तारीख मिळेपर्यंत सुई चालूच राहिली. तारीख आली तोवर रातकिडेही थांबले होते आणि बाकी सगळंच थांबलं होतं. सुई लगेच बंद केली, पण त्या औषधानं गेलेलं ऐकणं परत येत नाही. ऐकायचं यंत्र लावून पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. कानाच्या आत यंत्र बसवायच्या मोफत शस्त्रक्रियेची योजना लहान मुलांसाठी होती. रोग मात्र पूर्ण बरा झाला.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. गोकुळाबाई चुलीपुढे मरळ भाजत होती. लेक मागच्या अंगणात होती, तरी ती दबक्या आवाजातच बोलली. "बाई, मीच नेत होती तिले रोज. नसती नेली तर पोरगी मेली असती, अन् नेली तर कान गेले. तुमी शिकल्या-सवरल्या हा. सांगा, मी काय कराले पायजे होतं?" तिनं माशाचा तुकडा माझ्या ताटात वाढला.

वर्गात पायल पहिल्या बाकावर बसायची. आम्ही सगळे शिक्षक फळ्याकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून शिकवायला शिकलो. पण मास्क लावणं तर भाग होतं. मी नागपूरहून तोंडापुरती पारदर्शक खिडकी असलेले मास्क मागवले. दहा वाक्यं बोललं की आत वाफ धरायची आणि ओठ दिसेनासे व्हायचे. मग कोणीतरी मोबाइलची युक्ती काढली. समोरच्यानं बोलायचं, मोबाइल ते लिहून दाखवणार. पुण्याहून आलेल्या सरांचं बोलणं तो ठीक लिहायचा. पण सरावासाठी गावात गेलो तेव्हा एक म्हातारी मोबाइलपुढे म्हणाली, "थुक्यात रगत येते," आणि पडद्यावर आलं, 'थोड्यात रंगत येते.' पायल ते वाचून इतकी हसली की म्हातारीही हसायला लागली. गोंडी बोलणाऱ्यांपुढे तर तो मोबाइल गप्पच बसायचा.

तिची वर्गमैत्रीण चंदा भामरागडकडची, गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारी. या दोघींची जोडी जमली. चंदा कोणाचंही बोलणं मास्क खाली करून पुन्हा तिच्यापुढे बोलायची, नाहीतर तळहातावर बोटानं लिहायची. पायलनंच मला एकदा सांगितलं की ओठांवर बाप, पाप आणि माप सारखेच दिसतात. बाकीचं अंदाजानं लावावं लागतं, आणि अंदाज लावून लावून संध्याकाळी डोकं दुखतं.

क्षयरोगाचा विषय आला त्या दिवशी मी मागे बसले होते. सरांनी पडद्यावर नव्या उपचारांचा तक्ता लावला. सुई आता बंद, सगळा उपचार गोळ्यांचा. कारण, सुईनं बहिरेपण येतं. वर्गात फारसं कोणाला पायलची हकीकत माहीत नव्हती. तिनं तक्ता नीट वाचला आणि हात वर करून विचारलं, "हे कधीपासून बंद झालं?" सरांनी साल सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. तास संपल्यावर मी जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "चांगलं झालं ना, मॅडम. आता कोनाचे जानार नाई." मग बाटलीतलं पाणी प्यायली आणि चंदाबरोबर जेवायला गेली.

मार्चमध्ये मुलांना दवाखान्यात पाठवायचं होतं. पायलनं क्षयरोगाचा वॉर्डच मागितला. तिथल्या डॉक्टरांनी काळजीनं विचारलं की ही बोलणार कशी. रुग्णाचा मास्क काढता येत नाही आणि खिडकीचा मास्क तिथे चालत नाही. त्यानं क्षयाचे जंतू अडत नाहीत, हे पायलनंच समितीला समजावून सांगितलं होतं. शेवटी असं ठरलं की चंदा सतत तिच्याबरोबर राहील.

वॉर्डात लटारू नावाचा पन्नाशीचा माणूस होता, भामरागडच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा, घरी गोंडी बोलणारा, पण मराठी येणारा. त्यालाही पायलसारखाच हट्टी क्षयरोग होता. गावी बायको बुधरी एकटी होती, मूलबाळ नव्हतं. तो कोणाशी बोलायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पायल रोज त्याच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसायला लागली. त्याच्या हातावर गोळ्या ठेवायची, पाणी द्यायची, स्वतःकडे बोट दाखवून खूण करायची की मीही घेतल्या होत्या, बघ, जिवंत आहे. चंदा मध्ये बसून, पायलच्या तळहातावर लिहून, दोघांचं बोलणं इकडचं तिकडे करायची. आठवडाभरात लटारू भिंतीकडून इकडे वळला. उलट्या व्हायच्या तरी गोळ्या घ्यायला लागला. तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, ही पोरगी बसते म्हणून हा टिकला आहे.

एके दुपारी चंदा औषधं आणायला खाली गेली होती. लटारू उठून बसला. त्याला पायलला काही सांगायचं होतं. तिला मास्कमधून कळत नाही, हे त्याला आता माहीत झालं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आपला मास्क हनुवटीखाली ओढला, तिला ओठ दिसावेत म्हणून.

पायलनं हात पुढे करून तो मास्क पुन्हा त्याच्या नाकावर चढवला. हे तिनंच मला नंतर सांगितलं. त्याचं तोंड उघडं पाहिल्याबरोबर तिचा हात आपोआप गेला, कारण त्या खोलीत तसं बसण्याचा अर्थ तिच्याइतका कोणाला कळत नव्हता. लटारू हसला. त्याला राग आला नाही. मग तो मास्कच्या आतूनच बोलायला लागला, बराच वेळ, थांबून थांबून. मास्क आतबाहेर होताना तिला दिसत होता. त्याचे डोळे भरून आले. त्याला लिहिता येत नव्हतं. शेवटी तो थांबला आणि तिच्याकडे पाहत राहिला, उत्तराची वाट पाहिल्यासारखा.

पायलनं मान हलवली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूची खाट रिकामी होती. थैली, चादर काहीच नव्हतं. सिस्टरनी स्टँडपर्यंत माणूस पाठवला, तोवर गाडी निघून गेली होती. त्याच्या गावात फोन लागत नव्हता. बऱ्याच दिवसांनी तिकडच्या आशाताईंनी निरोप दिला की तो घरी आहे आणि जंगलात मोहाची फुलं वेचतो आहे. चंदाची सुट्टी होतीच. ती जाऊन त्याला भेटली आणि विचारलं, न सांगता काऊन आला?

"सांगून आलो ना," लटारू म्हणाला. "त्या पोरीले इचारलं. मोह पडून राह्यला, घरी बुधरी एकटी हाय, वेचून झाला का येतो, जाऊ का म्हनलं. तिनं हो म्हनलं. दोनदा म्हनलं."

चंदानं परत येऊन हे आधी मला सांगितलं आणि पायलला कसं सांगू म्हणून रडली. पण पायलला कळणारच होतं. समितीच्या बैठकीत तिला बोलावलं. कोणी तिला दोष दिला नाही. वॉर्डच्या डॉक्टरांनी स्वतःहून म्हटलं की रुग्ण असे जातातच, ऐकू येणाऱ्यांच्या समोरूनही जातात. तरीही पुढे तिला रुग्णाजवळ एकटं सोडता येणार नाही, आणि सोबत कायम एक माणूस देण्याइतकी माणसं कोणाकडेच नाहीत, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी सचिव म्हणून दुसरा काही मार्ग सुचवायला हवा होता. मी रात्रभर विचार केला होता आणि मला तो सापडला नव्हता.

पायल सगळ्यांचे ओठ वाचत बसली होती. तिला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "समजलं नाई का आमी मान हलवतो. सारखं सारखं 'काय म्हनलं' इचारलं का मानसं थकतात, मंग बोलनंच सोडतात. आन् तो तर रडून राह्यला होता. त्याले 'पुन्हा सांग' कसं म्हनू, मॅडम?"

लटारू परत आला नाही. आशाताईंनी त्याच्या गोळ्या गावात पोचवल्या, त्यानं काही दिवस घेतल्या, काही दिवस नाही. मग पाऊस लागला, पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहायला लागलं आणि तिकडचा रस्ता बंद पडला. गोळ्यांची नवी पाकिटं अलीकडच्या केंद्रात पडून राहिली. पाणी उतरून आशाताई पलीकडे गेल्या तेव्हा तो वारला होता.

पायल पदविका चांगल्या गुणांनी पास झाली. तिनं दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडे काम रुग्णांना फोन करण्याचं होतं. मग संस्थेनंच तिला संगणकावर माहिती भरायच्या कामाला ठेवून घेतलं. ते काम ती अचूक करते. माझ्या खोलीच्या दोन दारं पलीकडे बसते. येता-जाता मी हात करते, ती हसते.

त्या दिवाळीनंतर ती चंदाला घेऊन लटारूच्या गावी गेली. मी नको म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. बुधरी अंगणात धान वाळवत होती. तिनं दोघींना खाट टाकली, आंबील दिली. नवऱ्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. पायलला पोटातलं सगळं सांगायचं होतं, चंदानं ते गोंडीत सांगितलं. बुधरी ऐकून घेत होती, अधूनमधून खोकत होती. पायलला खोकला ऐकू येत नाही, पण छाती आणि खांदे कसे हलतात ते तिनं ओळखलं. तिनं चंदाला विचारलं, किती दिवसांपासून? बुधरीनं हातानं दूरची खूण केली.

मग पायल बोलत राहिली, मोठ्या सपाट आवाजात, मराठीत, ती भाषा बुधरीला कळत नाही हे विसरून. थुंकी तपासायची, आता सुई नाही, नुसत्या गोळ्या आहेत, कान जात नाहीत. चंदा जमेल तेवढं मागून सांगत होती. बुधरीचे ओठ हलले. गोंडीतले ओठ पायलला वाचता येत नव्हते. तिनं चंदाकडे पाहिलं.

"धान घरात आलं का येते म्हनते," चंदा म्हणाली.

यावेळी पायलनं मान हलवली नाही. तिनं चंदाला तेच पुन्हा विचारायला लावलं, पुन्हा तेच उत्तर आलं. शेवटची गाडी चुकायला नको म्हणून दोघी निघाल्या. धान घरात येऊन आता बरेच दिवस झाले. आशाताई दोनदा बुधरीकडे जाऊन आल्या. ती एकदा घरी नव्हती, आणि एकदा होती पण तपासणीला आली नाही. पायल रोज सकाळी कामाला बसण्याआधी माझ्या दारात येऊन माझ्या ओठांकडे बघते. मी म्हणते, अजून नाही.