हिरव्या नंदीची किंमत

नोकरीत चोर पुष्कळ पाहिले, पण मला घाम फोडला तो वीतभरही नसलेल्या एका हिरव्या नंदीनं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ते दिवस आठवले की घास गोड लागत नाही.

मी तेव्हा सांगलीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या देवघरातून हा नंदी चोरीला गेला. आजोबांपासूनचा, अखंड पाचूत कोरलेला, किंमत वीस लाख, असं त्यांनी फिर्यादीत सांगितलं. आठवड्याभरात खबर आली की त्यांच्याकडे रंगकामाला आलेला माणूस आटपाडीच्या एसटी स्टँडवर गिऱ्हाईक शोधतोय. आम्ही साध्या वेशात गेलो आणि त्याला पिशवीसकट धरलं.

पंच म्हणून जवळच बसलेले एक म्हातारे गृहस्थ मिळाले. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर जातात. हेही चाळीस वर्षं परमुलखात भट्टी चालवून परतलेले. त्यांनी नंदी उन्हात धरला आणि बाजारात खोंड पारखावा तसा शिंगापासून शेपटीपर्यंत न्याहाळला. ते काहीतरी बोलणार होते, पण मला घाई होती. "इथं सही करा," म्हणालो. त्यांनी केली.

पंचनामा लिहीत होते माझ्या ठाण्यातले मुद्देमाल सांभाळणारे हवालदार. आमच्याकडे रीत आहे, समोर सोनं असलं तरी 'पिवळ्या धातूचे' असंच लिहायचं. पारख करणं पोलिसाचं काम नव्हे. त्याप्रमाणे त्यांनी 'पाचूसारख्या दिसणाऱ्या हिरव्या दगडाचा नंदी' असं लिहिलं. मी ते खोडलं आणि 'पाचूचा नंदी, किंमत वीस लाख' असं लिहून बाजूला सही ठोकली. उद्याच्या पेपरातली बातमी मला आजच दिसत होती, खोटं कशाला बोलू?

चौकशीत चोर म्हणाला, "साहेब, साताऱ्यात दोन सराफांच्या पेढ्यांवर दाखवला. कोण हजार रुपयं द्याला तयार न्हाई. म्हणून तर हिकडं आलो." मला वाटलं, गडी गुन्हा लहान करून दाखवतोय. त्याचं हे बोलणं मी जबाबात घेतलंच नाही.

पुढची चूकही माझीच. वरिष्ठांसोबत फोटो काढायला मी सील फोडायला लावलं. प्राध्यापकांनी नंदी पाहून डोळे पुसले. नंतर बंदोबस्ताच्या गडबडीत सील पुन्हा लावायला आठ दिवस गेले. तेवढे दिवस नंदी कपाटात आणि किल्ली हवालदारांकडे होती.

नंदी परत मिळावा म्हणून प्राध्यापकांनी कोर्टात अर्ज केला. कोर्टानं मूल्यांकन मागवलं. रत्नपारखी आले, त्यांनी भिंग लावलं आणि मिनिटभरात खाली ठेवलं. "काच आहे. फार तर पाच-सातशे."

प्राध्यापक पांढरेफटक पडले. "फोटोच्या दिवशी मी पाहिला तो हा नव्हे," ते म्हणाले. "तुमच्या ठाण्यात बदलला."

पंचनाम्यात पाचू होता, कपाटात काच होती आणि मधे किल्ली होती. हवालदारांची निवृत्ती चार महिन्यांवर आलेली. ते निलंबित झाले. बडतर्फ झाले असते तर पेन्शन बुडालं असतं आणि गावात चोर म्हणून तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी त्यांना माझ्या टेबलासमोर दोन तास उभं ठेवलं आणि उलटसुलट प्रश्न विचारले. खरं सांगतो, मला स्वतःची कातडी वाचवायची होती. ते एवढंच म्हणत राहिले, "साहेब, म्या 'सारख्या' लिवलं हुतं."

ते गेल्यावर मी पंचनामा काढला. खोडलेल्या ओळीशेजारी माझीच सही होती. खाली त्या गलाईवाल्यांची सही दिसली आणि त्यांचं अर्धवट उघडलेलं तोंड आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आटपाडी गाठली.

"तो नंदी आठवतोय का?" मी विचारलं.

"आवं, आठवतोय की. वशिंडाच्या मागं आत ज्वारीच्या दाण्याएवढा गोल बुडबुडा हुता. असला बुडबुडा दगडात कुटला यायला? वतीव काच ती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी सही मागितली, साहेब. इचारलं कवा?"

त्यांचा जबाब आधी नोंदवला. मग पंचांसमोर रत्नपारख्यांनी वशिंडामागं भिंग धरलं. बुडबुडा तिथंच होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. धरला तोच नंदी कपाटात होता. साताऱ्याच्या पेढीवाल्यांनीही चोराच्या बोलण्याला दुजोरा दिला. प्राध्यापकांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "द्या तो. पूजेला चालेल." आजोबा फसले होते की त्यांनी घरच्यांना फसवलं, ते कळायला आता मार्ग नव्हता.

खोडलेल्या ओळीचा खुलासा मी लेखी दिला. मला ठपका मिळाला, तो रास्त होता. हवालदार निवृत्तीच्या आधी नऊ दिवस कामावर हजर झाले.

चोराचं, पंचाचं आणि हाताखालच्या माणसाचं बोलणं पुरतं ऐकायचं, हे मी नोकरीच्या अखेरीस शिकलो. तिघांनाही त्या नंदीची किंमत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

हवालदारांच्या निरोपाच्या दिवशी मी त्यांची माफी मागितली आणि माझ्या टेबलासमोरची खुर्ची पुढं केली. "बसा," म्हणालो.

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण बसले नाहीत. "ऱ्हाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "हितं उभा ऱ्हायची सवय झालीया."