आधी माती खंद

विहिरीवर मोट हाकताना नाड्याचा दोर तुटून माझा उजवा खांदा निखळला, त्याला तीन वर्षे झाली होती. वैदूने खांदा बसवला, पण जोर-बैठका सुटल्या त्या सुटल्याच. वांगी-मेथी घेऊन शिरपूरच्या बाजाराला जाताना मी आखाड्यापुढची वाट टाळून बांधाबांधाने निघे. शेवटी राहवेना. एका सकाळी लंगोट कसला आणि आखाड्यात जाऊन उभा राहिलो. वस्ताद पुन्हा कुस्ती धरू देतील का, एवढाच घोर होता.

त्यांनी माझ्या हातात कुदळ दिली.

"आधी माती खंद," म्हणाले.

आखाडा खणणे हे आमच्याकडे नवशिक्याचे काम. आणि मी तर रिसोडच्या कुस्त्यांच्या दंगलीत फेटा मिळवलेला गडी! कुदळ बाजूला ठेवली आणि सगळ्यांदेखत जोर मारायला लागलो. पूर्वी दोनशे सहज मारत असे. चाळिसाव्याला तोंडावर आपटलो. कोणी हसले नाही, त्याचाच जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडता येईना.

"पहेलवानाले आता घास बी मीच भरवू काय?" बायको म्हणाली. मग भाकरी मोडून देत, "वस्ताद सांगते ते करा ना. मातीची कायची लाज? रोज मातीतच तं राबता तुमी."

तिचे खरे होते, म्हणून आणखीच झोंबले. आठ दिवस धुसफुसलो, मग गेलो आणि मुकाट कुदळ उचलली. माती खणायची, ढेकळे फोडायची, ताक आणि तेल घालून कालवायची. दोन महिने हेच. बाकीचे कुस्त्या खेळत आणि मी त्यांच्यासाठी माती मऊ करी. खांद्यातली कळ कधी गेली ते कळलेही नाही.

श्रावण लागला. एके दिवशी साठीला आलेले वस्ताद अंगरखा काढून स्वतः खाली उतरले. मूठभर माती घेऊन त्यांनी माझ्या पाठीला चोळली. आखाड्यात हे कुस्तीचे आवतण.

"पाहू दे, किती उरला तू," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले, पण हात मिळवला. त्यांनी मला चीत केले, हे मी आजही छाती काढून सांगतो. कारण त्यांचे पहिले दोन डाव मी तोडले होते, आणि तिसऱ्यानंतर उठताना त्यांना माझा हात धरावा लागला.